सिएरा नेवाडातील धबधबे व महावृक्ष

आमचे कनिष्ठ बंधू नोकरीनिमित्त अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी कॅलिफोर्निया या पश्चिमेकडील संस्थानात राहतात. सर्वांनी मिळून एकदा तिकडे यावे, असा त्यांचा पुष्कळ दिवसांचा आग्रह होता. सन २०२४ च्या मे महिन्यात मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर तो योग जुळून आला. आमच्या मातोश्री, आम्ही उभयता, नववीत जाणारी कन्या व पाचवीत जाणारे चिरंजीव अशी पाच माणसे तिकडे गेलो. आणि बंधू व त्यांची पत्नी धरून सात जणांनी मे महिन्याचे अखेरचे व जूनचे आरंभीचे असे आठ दिवस सिएरा नेवाडा पर्वतातील योसेमिटी, किंग्ज कॅन्यन व सिकोया या तीन राष्ट्रीय उद्यानांत घालविले.

कोठे गेलो व काय पाहिले याची नुसती यादी देऊन वाचकांस फारसा लाभ होणार नाही. परंतु या प्रवासात आमच्या कुटुंबातील तीन माणसांमुळे तीन प्रश्न उभे राहिले. पहिला प्रश्न मातोश्रींनी धबधब्यापुढे उभे राहून विचारला. दुसरा कन्येने एका जळलेल्या वृक्षाखाली विचारला. आणि तिसरा चिरंजीवांच्या खिशातून निघाला. त्यांची उत्तरे शोधता शोधता आम्हांस जे समजले, तेच येथे विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावयाचे आहे.

पर्वताची ओळख

सिएरा नेवाडा हे नाव स्पॅनिश भाषेतील असून त्याचा अर्थ हिमाच्छादित डोंगररांग असा आहे. ही रांग उत्तर-दक्षिण सुमारे ४०० मैल पसरली आहे. तिची पूर्वेकडील बाजू भिंतीसारखी उभी, तर पश्चिमेकडील बाजू लांबच लांब उतरती आहे. एखादी प्रचंड फरशी एका कडेने उचलून तिरपी ठेवावी, तसा तिचा आकार दिसतो. माउंट व्हिटनी हे तिचे सर्वांत उंच शिखर सुमारे १४,५०० फूट आहे. हिवाळ्यात पॅसिफिक महासागरावरून येणारे ढग ही चढण चढू लागले म्हणजे थंड होतात व आपले पाणी उंच भागी हिमरूपाने टाकतात. उन्हाळा मात्र बहुतेक कोरडाच जातो.

आपल्याकडे पाऊस उन्हाळ्यानंतर येतो आणि चार महिन्यांत बहुतेक वाहून जातो. तिकडे पाणी हिवाळ्यात येते, डोंगरावर थिजून राहते, आणि उन्हे तापू लागली म्हणजे हळूहळू खाली उतरते. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील बहुतेक गोष्टींचे मूळ त्यात आहे.

मातोश्रींचा प्रश्न

मर्सेड नदीच्या काठाकाठाने आमची मोटार योसेमिटीच्या दरीत शिरली. ही दरी सुमारे ७ मैल लांब असून तिची रुंदी फार झाली तर मैलभर भरेल. तळ परातीसारखा सपाट. त्यात हिरवी कुरणे, पाइन व ओक वृक्षांच्या राया, मधून वाहणारी थंडगार नदी. आणि दोन्ही बाजूंस ग्रॅनाइट दगडाचे करड्या रंगाचे उभे कडे. डाव्या हातास एल कॅपिटन नावाचा कातळ दरीच्या तळापासून सुमारे ३,००० फूट सरळ वर गेलेला आहे. उजव्या हातास ब्रायडलव्हेल हा ६२० फुटांचा धबधबा वाऱ्यासरशी पडद्यासारखा इकडून तिकडे हलत होता. मुले मोटारीच्या काचांस नाक लावून बसली होती. कोणी काही बोलेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही योसेमिटी धबधब्याच्या पायथ्याशी गेलो. वरची उडी १,४३० फुटांची, मधला घसरता ओघ ६७५ फुटांचा व खालची उडी ३२० फुटांची, असा तीन टप्प्यांनी तो एकूण २,४२५ फूट खाली येतो. दिल्लीचे दहा कुतुबमिनार एकावर एक ठेविले, तरी ही उंची पुरी व्हावयाची नाही! पायथ्याकडे जाणारी वाट चांगली बांधलेली असल्यामुळे मातोश्रींसही तेथवर जाता आले. तुषारांनी त्यांचे पातळ भिजले, तरी त्या मागे सरेनात.

मातोश्रींचे माहेर कोकणात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. धबधबे म्हणजे त्यांच्या लहानपणीच्या ओळखीचे. पण बराच वेळ वर पाहून झाल्यावर त्यांनी विचारले, "काय रे, चार दिवस झाले, आभाळात ढग म्हणून दिसला नाही. आमच्याकडे श्रावणात घाट गळू लागतो तो पावसाने. पाऊस नाही, मग हे एवढे पाणी येते कोठून?"

प्रश्न अगदी मुळास हात घालणारा होता. हे पाणी मागील हिवाळ्याचे होते. धबधब्याच्या माथ्यामागे उंच पठारे आहेत. त्यांवर साचलेले हिम मे-जूनच्या उन्हाने वितळते, ओढ्यास मिळते व कड्यावरून उडी घेते. म्हणून हा धबधबा ऐन कोरड्या दिवसांत जोरात असतो, आणि वरचे हिम संपले म्हणजे ऑगस्टच्या सुमारास त्याची पुष्कळ वेळा नुसती धार उरते किंवा तीही आटते. आणखी एक मौज आम्ही अनुभवली. रात्री तंबूत निजल्यावर नदीचा आवाज दिवसापेक्षा मोठा वाटे. प्रथम आम्हांस तो रात्रीच्या शांततेचा परिणाम वाटला. परंतु दुपारच्या उन्हाने वर वितळलेले पाणी दरीत पोहोचेपर्यंत रात्र होते, व त्यामुळे ओघ खरोखरच वाढतो, असे चौकशीअंती कळले.

यावरून डोंगरावर किती हिम पडले, हा प्रश्न त्या संस्थानात किती महत्त्वाचा असेल हे दिसून येईल. तेथील सरकारी अधिकारी ठरावीक ठिकाणी हिमात पोकळ नळी खुपसून त्याची खोली व वजन पाहतात, आणि त्यावरून त्यात किती पाणी आहे हे काढतात. एप्रिलच्या प्रारंभीचे मोजमाप विशेष महत्त्वाचे मानतात. सन २०१५ मध्ये त्या दिवशी हिमातील पाणी सरासरीच्या अवघे ५ टक्के भरले. सन २०२३ मध्ये ते सरासरीच्या दुपटीहून अधिक भरले. आम्ही गेलो ते वर्ष साधारण सरासरीचे होते.

पाणी कोठून येते हे समजले. पण ते इतक्या उंचावरून एकदम का पडते? याचे उत्तर ग्रॅनाइटात व बर्फात आहे. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटात खोलवर तप्त रस थिजून हा दगड झाला. पुढे वरचे थर झिजून तो उघडा पडला, पर्वत उचलला गेला व नद्यांनी त्यात दऱ्या कोरल्या. त्यानंतर हिमयुगांत बर्फाच्या प्रचंड नद्या या दऱ्यांतून सरकू लागल्या. मुख्य दरीतील हिमनदी जाड व जड असल्यामुळे तिने आपली दरी खोल व रुंद खरवडली. बाजूच्या लहान ओढ्यांच्या दऱ्यांस तितके खोल जाता आले नाही. बर्फ गेल्यावर त्या लहान दऱ्या वर अधांतरी लोंबत राहिल्या, आणि त्यांतील ओढ्यांस मुख्य दरीत यावयाचे तर उडी मारण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. दरीचा सपाट तळ म्हणजे हिमनदी गेल्यावर साचलेल्या सरोवराचा व नदीने आणलेला गाळ होय.

ही उपपत्ती सर्वांस एकदम पटली नव्हती. जोसाया व्हिटनी हे त्या संस्थानाचे सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ. दरीचा तळ खचून ही दरी झाली, असे त्यांचे मत होते. जॉन म्यूर नावाच्या एका तरुणाने त्याविरुद्ध हिमनद्यांचा पक्ष घेतला. म्यूर यांचा जन्म १८३८ साली स्कॉटलंडात झाला. योसेमिटीत ते प्रथम १८६८ साली आले. पुढे तेथे त्यांनी मेंढ्या राखल्या व लाकडाच्या गिरणीतही काम केले. परंतु ते पायी हिंडले, कातळावरील ओरखडे व गुळगुळीत घासलेले पृष्ठभाग त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि १८७१ साली उंच भागी एक जिवंत हिमनदीही त्यांस आढळली. मोठ्या अधिकाऱ्याचा शब्द एका बाजूस व पायपीट करून पाहिलेला पुरावा दुसऱ्या बाजूस, असा हा वाद होता. बर्फाने ही दरी घडविली हे म्यूर यांचे मुख्य म्हणणे पुढील शास्त्रज्ञांनी मान्य केले. आमच्या विद्यार्थी वाचकांनी ही गोष्ट विसरू नये.

दरीतून वनराईकडे

तिसऱ्या दिवशी मातोश्रींस बंधूंच्या पत्नीपाशी ठेवून आम्ही बाकीचे व्हर्नल धबधब्याच्या माथ्यावर चढलो. हा ३१७ फुटांचा आहे. वाटेवर दगडात सहाशेंहून अधिक पायऱ्या असून त्या तुषारांनी सदा ओल्या असतात. ऊन पडले की त्या तुषारांत इंद्रधनुष्य उमटते, आणि ते इतके जवळ की त्यात हात घालावा असे वाटे. माथ्यावर लोखंडी कठडा आहे. कठड्यापलीकडील पाणी वरून शांत व पाचूसारखे हिरवे दिसते. पण त्यात उतरलेली माणसे ओघाबरोबर कड्यावरून खाली गेल्याच्या दुःखद घटना घडल्या आहेत. तेथे लावलेली सूचना आम्ही मुलांकडून मोठ्याने वाचवून घेतली.

दरीत मुक्कामास असताना सर्व खाद्यपदार्थ लोखंडी पेटीत बंद करून ठेवावे लागतात. मोटारीत रात्री बिस्किटाचा पुडादेखील ठेवू देत नाहीत. "एक पुडा राहिला तर काय होते, बाबा?" असे चिरंजीवांनी कुरकुरत विचारले. काकांनी त्यास समजाविले, "माणसाच्या खाण्याची चटक लागलेले अस्वल माणसाच्या वस्तीत येऊ लागते, धीट होते, आणि शेवटी अनेकदा त्यालाच ठार करण्याची पाळी येते. पुडा आपला, पण जीव त्याचा जातो." त्या रात्री पेटीची कडी लावण्याचे काम चिरंजीवांनी आपण होऊन पत्करले.

दरी सोडताना दक्षिणेकडील बोगद्याच्या तोंडाशी आम्ही मोटार थांबविली. हा बोगदा १९३३ साली खुला झाला. तेथून मागे पाहिले असता सारी दरी एका चौकटीत दिसते. ज्यांची ही मूळ भूमी, ते अहवानीची लोक येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. सन १८५१ मध्ये सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्या लोकांच्या एका पलटणीने दरीत शिरून त्यांस हुसकून लावले. त्यानंतर तेरा वर्षांनी, देशात यादवी युद्ध चालू असता, ३० जून १८६४ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही करून ही दरी व दक्षिणेकडील मॅरिपोसा वनराई लोकांच्या उपयोगासाठी कायमची राखून ठेविली. एका बाजूस मूळ रहिवाशांवरील अन्याय व दुसऱ्या बाजूस भावी पिढ्यांविषयीची दूरदृष्टी, या दोन्ही गोष्टी एकाच भूमीवर घडल्या. एक सांगून दुसरी झाकणे योग्य नव्हे.

महावृक्ष

मॅरिपोसा वनराईत सुमारे ५०० वाढलेले जायंट सिकोया वृक्ष आहेत. त्यांपैकी ग्रिझली जायंट हा अंदाजे ३,००० वर्षांचा मानतात. पूर्वी या वनराईत खोडातून आरपार रस्ता पाडलेला एक प्रसिद्ध वृक्ष होता. सन १८८१ मध्ये त्यास भोक पाडले. लोक त्यातून घोडागाड्या व पुढे मोटारी हाकीत. सन १९६९ मध्ये हिमाच्या भाराने तो कोसळला. दोन हजार वर्षांहून अधिक काळ उभा असलेला वृक्ष भोक पाडल्यावर शंभर वर्षेही टिकला नाही, हे ऐकून कन्येने वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून ठेविले.

तेथून फ्रेझ्नो शहरावरून आम्ही किंग्ज कॅन्यन व पुढे सिकोया उद्यानात गेलो. जगातील आकारमानाने सर्वांत मोठा वृक्ष येथील जायंट फॉरेस्ट नावाच्या अरण्यात आहे. त्याचे नाव जनरल शर्मन. त्याची उंची २७५ फूट, जमिनीलगत घेर सुमारे १०२ फूट, आणि खोडाचे घनमान सुमारे ५२,५०० घनफूट आहे. त्याची पहिली मोठी फांदी जमिनीपासून १३० फुटांवर फुटते. वीस माणसांनी हात पसरून कडे केले तरच त्यास कवेत घेता येईल. अर्थात भोवती कुंपण असल्यामुळे तसे कोणास करू देत नाहीत. याहून उंच वृक्ष आहेत व याहून वृद्धही आहेत. परंतु एका खोडात इतके लाकूड दुसऱ्या कोणत्याही ज्ञात वृक्षात नाही. त्याचे वय सुमारे २,२०० वर्षे मानतात.

हे वृक्ष निसर्गतः जगात फक्त एकाच ठिकाणी आढळतात : सिएरा नेवाडाच्या पश्चिम उतारावर, बहुधा ५,००० ते ७,००० फूट उंचीच्या पट्ट्यात, सत्तर-ऐंशी तुटक वनरायांतून. हाच पट्टा का? कारण येथे हिम भरपूर पडते. मोठा सिकोया उन्हाळ्यात दिवसाला सुमारे २,००० ते ३,००० लिटर पाणी पितो, आणि हे पाणी त्यास मुख्यतः वितळलेल्या हिमाने भिजलेल्या जमिनीतून मिळते. म्हणजे ज्या हिमाचा धबधबा होतो, त्यावरच हे वृक्षही पोसले जातात. इतक्या प्रचंड वृक्षाची मुळे मात्र बहुधा बारा-चौदा फुटांहून खोल जात नाहीत. ती भोवताली शंभर फूट व त्याहूनही दूर पसरतात. म्हणूनच लोकांस ठरलेल्या वाटेवरूनच चालावयास सांगतात. जायंट फॉरेस्टात पूर्वी हॉटेले, दुकाने व मोटारी उभ्या करण्याच्या जागा होत्या. मुळांस इजा पोहोचते हे ध्यानी आल्यावर विसाव्या शतकाच्या अखेरीस अडीचशेंहून अधिक इमारती तेथून काढून टाकण्यात आल्या.

या वृक्षांवर कुऱ्हाडही पुष्कळ चालली. त्यांचे लाकूड ठिसूळ असल्यामुळे कित्येक वृक्ष पडतानाच फुटून जात. उरलेल्यांतून छपराच्या फळ्या, कुंपणाचे व द्राक्षवेलींचे खांब निघत. सन १८९१ मध्ये तेराशेंहून अधिक वर्षांचा एक वृक्ष केवळ त्याच्या खोडाच्या चकत्या न्यूयॉर्क व लंडन येथील संग्रहालयांत ठेवता याव्या म्हणून पाडण्यात आला. इतका मोठा वृक्ष असू शकतो, हे लोकांस खरेच वाटत नसे! सन १८९० मध्ये सिकोया व योसेमिटी ही राष्ट्रीय उद्याने झाली, परंतु राखणदार नव्हते. म्हणून घोडदळाकडे राखण सोपविली. सन १९०३ मध्ये सिकोया उद्यानाचा कारभार कॅप्टन चार्ल्स यंग यांजकडे होता. त्यांचा जन्म गुलामगिरीत झाला होता. राष्ट्रीय उद्यानाचा अधिकार चालविणारे ते पहिले कृष्णवर्णी अधिकारी. त्यांच्या शिपायांनी एका उन्हाळ्यात जायंट फॉरेस्टापर्यंतचा गाडीरस्ता पुरा केला.

कन्येचा प्रश्न

शर्मन वृक्षापासून पुढे गेलेल्या पायवाटेवर एका वृक्षाच्या बुंध्यात खोलीएवढी काळीभोर पोकळी होती. आतील लाकूड कोळशासारखे झाले होते. वर मात्र हिरवीगार पालवी हलत होती. कन्या पोकळीबाहेर उभी राहून म्हणाली, "बाबा, आगीने एवढे जळूनही हे झाड जिवंत कसे? आणि आग लागली तेव्हा ती कोणी विझविली का नाही?"

या प्रश्नाचे उत्तर त्या उद्यानांच्या अधिकाऱ्यांसही फार उशिरा उमगले. सिकोयाची साल दोन फुटांपर्यंत जाड व मऊ असते, आणि तिच्यात राळ जवळजवळ नसते. त्यामुळे ती सहसा पेटत नाही. जुन्या खोडांतील वर्तुळे तपासली असता त्यांत आगीच्या खुणा दर काही वर्षांनी सापडतात. विजेने लागलेल्या व मूळ रहिवाशांनी हेतुपूर्वक लावलेल्या या आगी जमिनीलगत सरपटत जात, पाचोळा व झुडपे जाळीत, आणि मोठ्या वृक्षांस चटके देऊन विझून जात. एवढेच नव्हे, तर सिकोयाची संतती या आगीवरच अवलंबून असते. त्याचे लाकडी बोंडासारखे फळ कोंबडीच्या अंड्याएवढे असून ते वीस वर्षेपर्यंत झाडावर हिरवे व बंद राहू शकते. आगीची ऊब वर पोहोचली म्हणजे ही बोंडे सुकतात, उघडतात व बिया खाली सांडतात. आणि खाली त्याच आगीने पाचोळा जाळून उघडी माती व राख तयार ठेवलेली असते. जाड पाचोळ्यात ते बी रुजत नाही.

हे सांगत असता मातोश्री मध्येच म्हणाल्या, "म्हणजे आमच्या कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, तसेच की हे!" राब भाजण्याचे हेतू सर्वस्वी तेच नाहीत, तथापि पेरणीपूर्वी अग्नीने जमीन सिद्ध करावयाची, हे तत्त्व मातोश्रींनी बरोबर ओळखले होते.

परंतु विसाव्या शतकाच्या आरंभापासून सर्व आगी तत्काळ विझविण्याचे धोरण होते. हेतू वृक्षांच्या रक्षणाचाच होता. परिणाम मात्र उलट झाला. नवी रोपे उगवेनाशी झाली, आणि महावृक्षांखाली फर वृक्षांची दाट गर्दी व कोरड्या पाचोळ्याचे ढीग साचले. रिचर्ड हार्टसवेल्ट यांच्यासारख्या संशोधकांनी १९६० नंतरच्या दशकात लहान तुकड्यांवर मुद्दाम आग लावून प्रयोग केले, तेव्हा त्या राखेत सिकोयाची रोपे उगवली. सन १९६८ पासून सिकोया व किंग्ज कॅन्यन उद्यानांत योग्य ऋतूत, पहाऱ्याखाली, मर्यादित आगी लावण्यास प्रारंभ झाला. तथापि साठलेले सरपण फार व भाजलेला प्रदेश थोडा, अशी स्थिती राहिली.

याच सुमारास हिमानेही दगा दिला. सन २०१२ ते २०१६ या अवर्षणात पर्वतावरील कोट्यवधी पाइन व फर वृक्ष वाळून गेले, व ते सारे सरपणात जमा झाले. मग २०२० साली लागलेला वणवा पूर्वीसारखा जमिनीलगत सरपटला नाही. तो शेंड्यापर्यंत चढला. त्या एका वणव्यात जगातील मोठ्या सिकोयांपैकी १० ते १४ टक्के मेले, असा अंदाज आहे. सन २०२१ मधील वणवे धरले तर दोन वर्षांतील हानी १३ ते १९ टक्के भरते. ज्या वृक्षांनी दोन-दोन हजार वर्षे शेकडो आगी सोसल्या, ते असे दोन उन्हाळ्यांत गेले. सन २०२१ च्या सप्टेंबरात वणवा जायंट फॉरेस्टापाशी आला, तेव्हा अग्निशामकांनी शर्मन वृक्षाचा बुंधा अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत पत्र्यासारख्या वेष्टनात गुंडाळला होता. तो वृक्ष वाचला. त्या अरण्यात अनेक वर्षे मर्यादित आगी लावून सरपण कमी केलेले होते, याचाही त्यात मोठा वाटा होता.

आता आणखी एक चिंता आहे. अवर्षणाने व आगीने अशक्त झालेल्या काही सिकोयांवर सालीखाली पोखरणारे बारीक भुंगेरे आढळले आहेत. आम्ही जाण्यापूर्वी थोडेच दिवस, मे २०२४ मध्ये, संशोधकांनी दोरांच्या साहाय्याने शर्मन वृक्षाच्या शेंड्यापर्यंत चढून त्याची तपासणी केली होती. तो निरोगी असल्याचे दिसून आले. घरातील वडील माणसाची प्रकृती तपासून वैद्याने "काळजी नको" म्हणावे, तसे ते वृत्त ऐकून आम्हांस वाटले.

खिशातील बोंड

परतीच्या वाटेवर चिरंजीवांचा एक हात सारखा खिशात होता. बसण्याच्या बाकापाशी एक वनरक्षक बाई उभ्या होत्या. त्यांनी हसून विचारले, "खिशात काय आहे, मला पाहू दे बरे." चिरंजीवांनी लाजत सिकोयाचे एक बोंड काढून दाखविले. "खाली पडलेलेच घेतले आहे, तोडले नाही," असे त्यांनी आम्हांस मराठीत सांगितले. आम्ही ते इंग्रजीत सांगितले. आम्हांसही मनातून वाटत होते की एवढ्याशा वस्तूचे काय?

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी ते बोंड तळहातावर घेऊन सांगितले की, यात सुमारे दोनशे बिया असतात, आणि एक बी ओटच्या चपट्या दाण्यासारखे असून इतके हलके की दोनशे बिया मिळून एक ग्रॅम होतो. जमिनीवर पडलेल्या बोंडातूनही बी सांडते, खारी व किडे त्यावर जगतात, उरलेल्याची माती होते. मग त्यांनी चिरंजीवांस एक हिशेब घातला : या उद्यानात वर्षाला दहा लाख माणसे आली, व प्रत्येकाने एकच बोंड नेले, तर किती बिया जातील? चिरंजीवांनी बोटांवर शून्ये मोजून "वीस कोटी" असे उत्तर दिले, आणि कोणी न सांगता ते बोंड जेथून उचलले होते तेथे परत नेऊन ठेविले. येताना मात्र डोळ्यांत पाणी होते, हे आम्ही लपवीत नाही. ज्याच्या एका बोंडात दोनशे वृक्षांची शक्यता आहे, त्या वृक्षाचे रक्षण करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, हा तिसरा प्रश्न होय.

सन १८९० मध्ये वाटले, कुऱ्हाड थांबविली म्हणजे रक्षण झाले. पुढे वाटले, आग विझविली म्हणजे झाले. दोन्ही वेळा माणसांचा हेतू चांगला होता. पहिल्याने काम अर्धे झाले, दुसऱ्याने नुकसान झाले. आता पर्वतावरील हिमच भरवशाचे राहिले नाही, आणि पृथ्वीची उष्णता वाढण्यास जगातील सर्वांचा धूर कारण होत आहे. त्यावर एका उद्यानाचे कुंपण काय करणार? सन २०२३ पासून वणव्यात पूर्ण उजाड झालेल्या काही वनरायांत हाताने रोपे लावण्याचे काम उद्यानाने हाती घेतले आहे. अरण्यात माणसाने हात घालू नये, असे म्हणून काही वृक्षप्रेमी त्यास विरोधही करतात. आमच्या अल्प बुद्धीस एवढेच समजले की, केवळ प्रेम असून भागत नाही. ज्याचे रक्षण करावयाचे, ते कशावर जगते हे आधी शिकावे लागते, आणि आपली चूक दिसली म्हणजे ती कबूल करून पुन्हा शिकावे लागते. आईबापांसही हे मुलांविषयी लागू पडते, असे त्या रात्री मुलांची आई म्हणाली. ते आम्हांस पटले.

निघण्याच्या दिवशी सकाळी मातोश्रींनी पुन्हा शर्मन वृक्षाकडे नेण्यास सांगितले. कुंपणाबाहेर उभे राहून त्यांनी हात जोडले. चिरंजीव जवळ उभे होते. त्यांनी विचारले, "आजी, मी ठेवलेल्या बोंडातून झाड येईल का ग?" मातोश्री म्हणाल्या, "येईल न येईल. आले तरी एवढे व्हायला दोन हजार वर्षे लागतील. तू ठेवलेस, तुझे काम झाले. पुढचे काम पुढच्यांचे."

इतके बोलून त्या मोटारीकडे वळल्या. आम्हांस अजून डोंगर उतरून सायंकाळच्या आत बंधूंच्या घरी पोहोचावयाचे होते.